रोमन कोरीव खडा घ्यायचाय: देवाचा की कारागिराचा?

जुना रोमन इंटाग्लिओ, म्हणजे चित्र आत खोदलेला अंगठीचा खडा, घ्यायचा म्हटलं की देवाचं चित्र असलेला घेऊ की कामात गढलेल्या कारागिराचं, हा प्रश्न येतोच. माझं मत आधीच सांगते, कारागीर घ्या. पण देवाची बाजूही बघून घ्या.

देवाचे खडे भरपूर मिळतात. पैशाची थैली धरलेला मर्क्युरी, सुकाणूवाली फॉर्च्युना, सिंहासनावर बसलेला ज्युपिटर, इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत लोक हे सर्रास बोटात घालायचे. इंग्लंडमधल्या कार्लाइलला रोमन स्नानगृहाच्या गटारात असे 30च्या आसपास खडे सापडले, वाफेने डिंक सुटून अंगठीतून पडलेले. म्हणजे ताडून बघायला नमुने खूप, नवशिक्याला सोपं. पण साचा तोच तोच, आणि पुराणकथांच्या खड्यांत नकलाही खूप. पोनिआतोव्स्की या पोलिश राजपुत्राच्या संग्रहात अडीच हजारांच्या आसपास खडे होते, त्यातले बहुतेक त्याच्याच काळात कोरलेले निघाले, वर प्राचीन कलाकारांच्या खोट्या सह्या!

कारागीरवाले कमी मिळतात, आणि ते जास्त करून इ.स.पू. तिसऱ्या ते पहिल्या शतकातले, इटलीतले. वाकून पुतळ्यावर काम करणारा शिल्पकार, शिरस्त्राण ठोकणारा लोहार, आणि हे सगळं नखाएवढ्या जागेत, तेही कुरुंदाची पूड आणि तेल लावून बारीक ड्रिलने. मेणावर ठसा उमटवला की चित्र उलटतं, म्हणून कोरणारा दगडावर हातोडा डाव्या हातात द्यायचा, मग ठशात तो बरोबर उजव्या हातात येतो. एक कारागीर दुसऱ्या कारागिराचा हात इतका विचार करून कोरतोय, मला तर यातच सगळं मिळतं. कधीकधी तो साधा कारागीर नसतोच, माणूस घडवणारा प्रोमिथियस असतो नाहीतर टोकदार टोपीतला लोहारांचा देव वल्कन, त्यामुळे वर्णन वाचून लगेच विश्वास ठेवू नका.

दगडाचं म्हणाल तर दोन्हींत लाल अकीक मिळतो आणि काचेचेही असतात, काच स्वस्त पण झिजते लवकर. आपल्या पैठणहून ऑनिक्स, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा अकीक, गाड्यांत भरून भडोचला जायचा आणि तिथून जहाजाने पश्चिमेला, पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात तशी नोंदच आहे, त्यामुळे ऑनिक्सचा खडा दिसला की मी जरा जास्तच थांबते.

1970च्या, म्हणजे पुरातन वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या युनेस्को कराराच्या, आधीपासून कोणाकडे होता याचे कागद नसतील तर देव असो की कारागीर, घेऊ नका. आणि विकणाऱ्याकडे नुसत्या खड्याचा नाही, ठशाचाही फोटो मागा, आला की आधी हातोडा कुठल्या हातात आहे ते बघा.