फास्टिंग इन्सुलिन की दोन तासांची जीटीटी?

एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज) ५.७ ते ६.४ च्या मध्ये कुठेतरी अडकलेलं, उपाशीपोटी शुगर शंभराच्या आसपास, आणि आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह. अशा माणसाने पुढची कोणती टेस्ट करावी असं विचारलं की आपल्याकडे दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे फास्टिंग इन्सुलिन. दुसरं जुन्या वळणाचं: ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं, म्हणजे जीटीटी (ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट). पहिलीत उपाशीपोटी रक्तात इन्सुलिन किती आहे ते मोजतात, दुसरीत ग्लुकोजचा भार पडल्यावर शुगर किती उरते ते. निवडताना जे आडवं येतं त्याबद्दलच लिहितो.

फास्टिंग इन्सुलिनचं आकर्षण समजण्यासारखं आहे. शुगर वाढायच्या आधी बरीच वर्षं शरीर जास्त इन्सुलिन ओतून ती आवाक्यात ठेवत असतं, आणि ही धडपड साध्या शुगरमध्ये दिसत नाही. महाराष्ट्रात हे नाव घरोघरी पोचवण्यात दीक्षित जीवनशैलीचा वाटा मोठा आहे. दोन वेळा जेवायचं ठरवण्याआधी एचबीएवनसी आणि फास्टिंग इन्सुलिन करून घ्या, हे तिथे पहिल्यांदाच सांगतात. शिवाय एकच सुई, लॅबचा मुलगा सकाळी सात वाजता घरी येतो, आणि साडेसातला तुम्ही चहा घेऊन मोकळे. सोयीच्या बाबतीत जीटीटी इथे पार हरते.

अडचण रिपोर्ट हातात आल्यावर सुरू होते. अनेक रिपोर्टवर नॉर्मल रेंज छापलेली असते २.६ ते २४.९ मायक्रोयुनिट. ही रेंज वरवर निरोगी दिसणाऱ्या लोकांच्या रक्तावरून काढलेली असते, आणि त्यांत पोट सुटलेले, इन्सुलिनला दाद न देणारे लोकही आलेच. त्यामुळे इन्सुलिन २२ आणि शुगर ९५ असलेल्या माणसाच्या रिपोर्टवर एकही आकडा ठळक होत नाही. शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही याचा अंदाज देणारा होमा-आयआर काढून पाहा: उपाशीपोटीची शुगर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. उत्तर येतं ५.१६. साधारण दोन-अडीचच्या पुढे इन्सुलिन रेझिस्टन्सचा, म्हणजे इन्सुलिनला दाद न देण्याचा, संशय धरतात, म्हणजे हा माणूस दुपटीने पुढे आहे आणि रिपोर्ट म्हणतोय सगळं ठीक. (आकडा पिकोमोलमध्ये असेल तर आधी सहाने भागा, नाहीतर होमा सहापट येऊन उगाच घाबरायला होतं.)

इथवरचं निभावता येतं. छापील रेंज बाजूला ठेवायची आणि होमा स्वतः काढायचा. माझा कल बदलला तो यापुढच्या कटकटीमुळे.

शुगर कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये मोजा, चार-पाच अंकांच्या फरकाने तीच येते, कारण ती मोजायच्या पद्धती एका संदर्भाशी जुळवलेल्या आहेत. इन्सुलिनचं तसं नाही. प्रत्येक कंपनीचं मशीन आणि किट वेगळ्या अँटिबॉडी वापरतं. काहींना प्रोइन्सुलिनचे (इन्सुलिन बनण्याआधीच्या कच्च्या रूपाचे) तुकडेही थोडेफार इन्सुलिन वाटतात, काहींना वाटत नाहीत. एकाच नळीतलं रक्त दोन पद्धतींनी मोजलं तर दीडपट, कधी त्याहून जास्त फरक निघू शकतो. शुगर ९४ धरा. एका लॅबने इन्सुलिन ९ दिलं तर होमा २.०९, दुसरीने १३ दिलं तर ३.०२. पहिला रिपोर्ट घेऊन माणूस निश्चिंत, दुसरा घेऊन काळजीत, आणि शरीर दोघांचं एकच. त्यात पहिली टेस्ट कोथरूडच्या एका लॅबमध्ये आणि तीन महिन्यांनी दुसरी स्वस्त पॅकेज मिळालं म्हणून हडपसरच्या दुसऱ्याच लॅबमध्ये केली असेल, तर इन्सुलिन कमी झालं की मशीन बदललं, हे कोणालाच सांगता येत नाही. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात पद्धतीचं नाव असतं. ते कोणी वाचत नाही, पण दोन रिपोर्टची तुलना करायची तर आधी तेच जुळलं पाहिजे.

मशीन तेच ठेवलं तरी शरीर स्थिर नसतं. स्वादुपिंड इन्सुलिन सलग सोडत नाही, दर पाच ते पंधरा मिनिटांनी लाटेसारखं सोडतं, आणि रक्तातलं इन्सुलिन चार-सहा मिनिटांत निम्मं होतं. सुई लाटेच्या माथ्यावर लागली की तळाशी, हा नशिबाचा भाग. होमाची रीत १९८५ मध्ये ऑक्सफर्डमध्ये तयार झाली. तिच्या काटेकोर वापरात पाच-पाच मिनिटांनी तीन सॅम्पल घेऊन सरासरी काढतात. घरी आलेला टेक्निशियन तीनदा रक्त घेत नाही, आणि आपणही घेऊ देणार नाही.

मग नळीचा प्रश्न. रक्त काढताना पेशी फुटल्या तर तांबड्या पेशींतलं एक एन्झाइम इन्सुलिनचे तुकडे करतं आणि आकडा खोटा खाली येतो. बारीक शीर, जोरात ओढलेली सिरिंज, दंडाला फार वेळ आवळलेला पट्टा, आणि मग एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत दोन तास फिरलेली नळी, हे सगळं त्यात भर घालतं. रिपोर्टवर सॅम्पल हिमोलाइज्ड (पेशी फुटलेलं) असल्याचा शेरा असेल तर त्या इन्सुलिनवर विश्वास ठेवू नका, पुन्हा रक्त द्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही किटमध्ये इन्सुलिन खोटं कमी दिसतं, म्हणून त्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवायच्या. रात्रीची अपुरी झोप, ताप, स्टेरॉइड यांनी इन्सुलिन वर जातं. पहाटे वेताळ टेकडी किंवा पर्वती चढून येऊन लगेच रक्त दिलं तर खाली येतं. उपास आठ ते बारा तासांचाच ठेवा. रात्री सातला जेवून सकाळी अकराला रक्त दिलं तर आकडा दिसायला छान येतो, तुमच्या रोजच्या शरीराचा मात्र तो नसतो.

आणि कमी इन्सुलिन म्हणजे चांगलंच, असंही नाही. शुगर १३० आणि इन्सुलिन ४ असेल तर होमा निघतो १.२८, बघायला सुरेख. प्रत्यक्षात तिथे स्वादुपिंडाने हात टेकायला सुरुवात केलेली असते.

हे शेवटचं आपल्याला जास्त लागू पडतं. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलच्या डायबेटिस युनिटमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर जे दाखवलं ते हेच: आपण दिसायला बारीक आणि आतून चरबीचे. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो आला होता. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. अशा शरीरात इन्सुलिनला दाद न देणं आणि इन्सुलिन कमी पडणं, दोन्ही एकत्र नांदू शकतं. उपाशीपोटीचा एक आकडा त्यातली एकच बाजू दाखवतो. ग्लुकोजचा भार टाकल्यावर दोन तासांनी जे उरतं त्यात दोन्ही बाजूंचा हिशोब येतो. कोण कमी पडलं हे जीटीटी सांगत नाही, पण गाडी चढावर दम टाकते की नाही हे सांगते.

जीटीटीही धुतल्या तांदळासारखी नाही. त्याच माणसाची दोन आठवड्यांच्या अंतराने केली तर दोन तासांची शुगर बरीच वरखाली होते. ग्लुकोज पिणं हा वैताग आहेच. ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज, २५० ते ३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांच्या आत संपवायचं. पाणी गार असेल तर सोपं जातं, आणि काही ठिकाणी थोडं लिंबू पिळू देतात. उलटी झाली तर टेस्ट बाद, वेगळ्या दिवशी पहिल्यापासून. पहिला घोट घेतल्यापासून दोन तास मोजायचे, ग्लास रिकामा झाल्यापासून नव्हे. या दोन तासांत फिरायला जायचं नाही, सिगरेट नाही, चहा नाही. समोरच्या टपरीपर्यंत चार चकरा मारल्या तरी आकडा घसरतो.

सगळ्यांत जास्त चुकतं ते आधीचे तीन दिवस. जीटीटीच्या आधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, म्हणजे नेहमीची पोळी-भात-भाजी. टेस्ट आहे म्हणून भात सोडला, किंवा नुकतंच कमी कर्बोदकांचं डाएट सुरू केलं, की अचानक आलेल्या ग्लुकोजला स्वादुपिंड सुस्तपणे उत्तर देतं आणि आकडा खोटा वर जातो. त्यामुळे डाएट सुरू करायचं असेल तर जीटीटी त्याच्या आधी. नवरात्राचे उपास संपल्यावर चार-पाच दिवस जाऊ द्या.

नळीचं पथ्य इथेही आहे, फक्त सोपं. शुगरसाठी करड्या टोपणाची फ्लोराइडची नळी हवी. साध्या नळीत रक्तपेशी दर तासाला पाच-सात टक्के साखर खातात, म्हणजे १४५ ची तासाभरात १३५ होते आणि सीमेवरचा माणूस नॉर्मलमध्ये जातो.

तरी माझं पारडं जीटीटीकडे झुकतं, ते तिच्या आकड्यामुळे. दोन तासांची शुगर १४० च्या खाली, १४० ते १९९, किंवा २०० आणि वर, या तीन खणांचा अर्थ पुण्यात, नागपुरात आणि लंडनमध्ये एकच आहे. डॉक्टरला त्यावर काहीतरी करता येतं. इन्सुलिन ११ आलं तर काय करायचं, याला दोन डॉक्टर दोन उत्तरं देतात आणि दोघंही चुकीचे नसतात. नेहमीच्या तपासणीत इन्सुलिन मोजा असं मधुमेहाच्या मोठ्या संस्था म्हणत नाहीत, त्यामागे हेच आहे. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा आजार) असलेल्या मुलींना ही टेस्ट फार लिहून दिली जाते, पण त्या आजाराच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही इन्सुलिन सोडून जीटीटीकडेच बोट दाखवतात.

इन्सुलिन रेझिस्टन्स आहे का एवढंच पाहायचं असेल तर त्याची खूण बहुतेकदा घरातच सापडते. कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० च्या पुढे. जुन्या लिपिड रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४०, बायकांत ५० च्या खाली. मानेवर मळकट, मखमली काळा पट्टा. यांतलं दोन-तीन जमलं तर इन्सुलिनचा आकडा नवीन फारसं काही सांगत नाही.

फास्टिंग इन्सुलिनची टेस्ट करावी अशी माणसंही आहेत. वजन किंवा खाणं बदलून आपलीच तुलना आपल्याशी करायची आहे, आणि दर वेळी तीच लॅब, तीच वेळ, तितकाच उपास पाळायची तयारी आहे, तर ती उपयोगी पडते. फक्त दोन-तीन अंकांच्या फरकावर आनंद किंवा दुःख करू नये. पोटाचं वजन घटवण्याचं ऑपरेशन झालेल्यांनी जीटीटीच्या वाटेला जाऊ नये, ते ग्लुकोज त्यांना सोसत नाही. ज्यांची उपाशीपोटीची शुगर दोनदा १२६ च्या वर आली त्यांना तिची गरजच नाही. इन्सुलिनची इंजेक्शनं चालू असलेल्यांना मात्र इन्सुलिन टेस्टचा उपयोग नाही, त्यांनी सी-पेप्टाइडबद्दल (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणाऱ्या टेस्टबद्दल) डॉक्टरांना विचारावं. आणि विनाकारण शुगर ५५ च्या खाली जात असेल तर तो वेगळाच विषय: तिथे इन्सुलिन मोजणं अत्यावश्यक आहे, पण शुगर खाली असताना काढलेल्या रक्तात.

फोन करताना लॅबला एवढं विचारा: ग्लुकोज मोजून ७५ ग्रॅम देता का, दोन तास बसायला जागा आहे का, आणि रक्त तिथेच सेंट्रिफ्यूज होतं (यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या होतात) की दुसरीकडे जातं. पीपी (जेवणानंतरची) शुगर करा, तेच आहे, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पोह्यांवरची पीपी आणि पुरणपोळीवरची पीपी यांची तुलना होत नाही. सकाळी साडेसात-आठला पोचलात तर दहापर्यंत सुटका होते. आणि इन्सुलिनचा मोह सुटतच नसेल, तर जीटीटीच्या पहिल्या सुईच्या वेळीच एक जादा नळी भरून घ्या. रक्त तिथेच वेगळं होणार असेल तर घरून नेलेल्या सॅम्पलपेक्षा तो आकडा जास्त भरवशाचा असतो.