कुत्र्यांच्या आजारांचं जाडजूड गाईड, दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून

दिवाळीच्या आसपास घेतलं होतं, आता पाऊस सुरू झालाय, त्यामुळे बऱ्यापैकी वापरून झाल्यावर लिहितेय. आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो, घरी एक लॅब्रॅडॉर आणि गल्लीतली एक देशी कुत्री जी आता आमचीच झालीये. गाईड इंग्लिश आहे, अमेरिकेत छापलेलं.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे आजाराचं नाव माहीत नसलं तरी अडत नाही, जे दिसतंय त्यावरून पान काढता येतं, उलटी, लंगडणं, खाणं सोडलंय वगैरे, आणि तिथे सरळ लिहिलंय की आत्ता पळा किंवा सकाळपर्यंत थांबलं तरी चालेल. रात्री साडेअकराला माणसाला अजून काय हवं असतं! उदाहरणार्थ पोट फुगलंय, सारखे उमासे येतायत पण बाहेर काहीच पडत नाही, तर अजिबात थांबायचं नाही, मोठ्या छातीच्या कुत्र्यांमध्ये पोटाला पीळ बसतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो.

नॉर्मल काय असतं त्याचं पान तर आमच्या सासूबाईंनी मराठीत उतरवून फ्रिजवर लावलंय. टेंपरेचर 101 ते 102.5, म्हणजे आपला 98.6 चा हिशोब इथे लावायचा नाही. हिरडी बोटाने दाबून सोडली की 2 सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. शांत झोपेत श्वास मिनिटाला 30 च्या वर जात राहिले तर डॉक्टरांना कळवायचं. आता आम्ही फोनवर नुसतं "सुस्त वाटतेय हो" म्हणत नाही, ताप इतका, हिरड्या फिक्या, सकाळपासून पाणी नाही असं सांगतो आणि डॉक्टरही लगेच मुद्द्यावर येतात.

विषारी पदार्थांची यादी चांगली आहे, पण ती आपल्या ताटाशी आपणच जुळवायची. चॉकलेट सगळ्यांना माहीत असतं, पण इंदूरात सकाळी पोह्यांवर कच्चा कांदा असतोच आणि कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवलेल्यानेही. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे किडनीला घातक. आणि पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आपल्या मनाने कधीच द्यायचं नाही.

कमी पडतं ते गोचिडांच्या बाबतीत, आणि हे मला फार खटकलं. लाइम नावाच्या त्यांच्याकडच्या आजारावर पानंच्या पानं, आणि आपल्याकडे जो टिक फीवर घरोघरी ऐकतो त्याला जेमतेम अर्धं पान. मार्चमध्ये आमच्या देशीला तोच झाला, ताप, खाणं बंद, नाकातून थोडं रक्त, ब्लड टेस्टमध्ये प्लेटलेट खूप खाली. नाकातलं रक्त त्या अर्ध्या पानात होतं म्हणून त्याच संध्याकाळी नेलं. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, साधारण 28 दिवसांचा कोर्स असतो, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचा नाही. आता मस्त आहे ती.

उन्हाळ्याचं प्रकरण मात्र मे महिन्यात उपयोगी पडलं, ऊन लागलं तर आधी गार पाणी ओतून पंखा लावायचा, मगच गाडीत घालायचं.

इंदूरजवळ महूला 1955 पासून व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथल्या कोणी माळव्यातल्या कुत्र्यांसाठी हिंदी-मराठीत असं गाईड लिहिलं तर मी पहिल्याच दिवशी घेईन. तोवर हे घ्या, पण दुकानात आधी टिक फीवरचं पान उघडून बघा, तेही नसेल तर दुसरं शोधा.