जावक क्रमांक एकच, पत्रं दोन

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका मावशींनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला कागद काढला. "दादा, तुम्ही म्हाडाचे फॉर्म भरता ना, हे जरा वाचून सांगा." विक्रोळीच्या कन्नमवारनगरमधल्या घराचं देकार पत्र होतं, म्हणजे घर देऊ करणारं म्हाडाचं पत्र. वर बोधचिन्ह, खाली गोल शिक्का, निळ्या शाईची सही. मी जावक क्रमांक, म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर कार्यालय टाकतं तो वेगळा नोंद क्रमांक, वाचला आणि हातपाय गार पडले. 2021 साली माझ्या हातात जे पत्र पडलं होतं त्यावरही अगदी हाच क्रमांक होता. घर वेगळं, नाव वेगळं, क्रमांक तोच.

मावशींचे वीस हजार गेले होते. पुढचे दोन लाख त्या आठवड्यात द्यायचे होते. ते वाचले. माझे सहा लाख वीस हजार गेले, आणि इतकी वर्षं मी लाजेपोटी चार नातेवाइकांपलीकडे कुणाला सांगितलं नाही. मी आधी बोललो असतो तर मावशींचे वीस हजारही वाचले असते.

वडील गिरणीत होते. लालबागची खोली दहा बाय बाराची. धाकट्या भावाचं लग्न झाल्यावर मी बाहेर पडलो. तेव्हापासून अकरा महिन्यांचे करार. दर करार संपताना अनामत वाढणार, दलाली पुन्हा द्यायची, मुलीच्या शाळेचं अंतर पुन्हा मोजायचं. ज्याचं मुंबईत घर नाही आणि पगार माझ्यासारखा आहे, त्याला मालकीच्या घरासाठी म्हाडा सोडून दुसरं दारच नाही. म्हणून त्या दाराशी लाखो लोक उभे असतात. 2016 च्या सोडतीत 972 घरं होती, 2017 ला 819, 2018 ला 1,384. त्या 1,384 घरांसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज आले होते. तिन्ही वेळा मी अर्ज भरला, तिन्ही वेळा अनामत परत आली. जून 2019 मध्ये 217 घरांची छोटी सोडत झाली, आणि त्यानंतर म्हाडाच्या मुंबई मंडळाची सर्वसाधारण सोडत निघाली ती थेट ऑगस्ट 2023 मध्ये. मधल्या चार वर्षांत जाहिरात नाही, अर्ज नाही. वय मात्र वाढत होतं. बँक कर्ज किती वर्षांचं देते ते निवृत्तीच्या तारखेवर ठरतं, आणि मी मनात रोज तेच गणित मांडत होतो.

नेमक्या त्याच काळात मामेभावाने एका माणसाची गाठ घालून दिली. पस्तिशीतला, नीटनेटका, बोलायला मऊ. त्याने पहिल्या भेटीत पैशाचं नावही काढलं नाही. फक्त समजावून सांगितलं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं खरं होतं. सोडतीत नंबर लागला म्हणजे घर मिळालं असं नसतं. तेव्हा विजेत्याची कागदपत्रं सोडतीनंतर तपासायचे, काहीजण अपात्र ठरायचे. काहींना कर्ज मिळत नाही, ते घर परत करतात. सोडतीच्या वेळी विजेत्यांबरोबर प्रतीक्षा यादीही लागते, आणि परत आलेलं घर त्या यादीतल्या माणसाला जातं. हे सगळं मी पेपरात वाचलेलं होतं, त्यामुळे मी मान डोलावत राहिलो. मग तो म्हणाला, "दादा, 2018 च्या अँटॉप हिलच्या घरांतलं एक परत आलंय. प्रतीक्षा यादी संपली. तुमचा त्या वेळचा अर्ज क्रमांक आहेच, तो यादीत खाली जोडून घेतला की झालं."

खोटं इतकंच होतं, शेवटचं एक वाक्य. ते नऊ खऱ्या वाक्यांच्या पाठीवर बसून आलं. प्रतीक्षा यादी सोडतीच्याच दिवशी संगणकातून क्रमाने निघते. मागाहून त्यात कुणाचंही नाव शिरत नाही. आम्हा अर्जदारांना सोडतीपर्यंतचं सगळं पाठ असतं: उत्पन्न गट, अधिवासाचा दाखला, पंधरा वर्षांचं वास्तव्य. पण नंबर लागल्यानंतर कागद कुठून कुठे जातो हे आम्हाला माहीत नसतं, कारण तिथवर आम्ही कधी पोचलेलोच नसतो. त्या न पाहिलेल्या वाटेवरच हे लोक धंदा करतात.

तो मला दोनदा वांद्र्याच्या गृहनिर्माण भवनात घेऊन गेला. कलानगरच्या बाजूने आत शिरलो की त्याला रस्ता विचारावा लागत नव्हता. मला बाकावर बसवायचा, फाइल घेऊन एका दालनाकडे जायचा, दहा मिनिटांनी परत यायचा. "साहेबांनी बघितलं." आज आठवून पाहतो तेव्हा लक्षात येतं, तो कुठल्या टेबलाशी बसला, कुणाशी बोलला, हे मी एकदाही पाहिलं नाही. आतल्या कुणाचा हात होता असं म्हणायला माझ्याकडे काडीचा पुरावा नाही. सरकारी इमारतीत कुणीही जाऊन उभं राहू शकतं. पण त्या बाकावर बसलेल्या मला ती इमारतच साक्षीदार वाटली.

अँटॉप हिललाही नेलं. एका रिकाम्या घराचं दार उघडून दाखवलं, किल्ली कुठून आणली देव जाणे. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. "अहो, इथून हवा चांगली येते," एवढंच म्हणाली. त्यानंतर मी काही विचारायचं सोडून दिलं.

पैसे असे गेले. फाइल काढायला तीस हजार, रोख. देकार पत्र आल्यावर साडेतीन लाख, तेही रोख. त्यासाठी बायकोच्या पाटल्या आणि गोठ बँकेत तारण ठेवले. मग भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले दोन लाख चाळीस हजार, जे मी हट्टाने खात्यावरच पाठवले. खातं एका बाईच्या नावाचं होतं. विचारलं तर म्हणाला, इमारतीच्या संस्थेच्या खजिनदार आहेत. म्हाडाच्या घराची रक्कम एखाद्या व्यक्तीच्या खात्यात का जाईल, हा प्रश्न त्या क्षणी मनात आला होता. मी तो गिळला. घर हातातून जाईल ही भीती त्या प्रश्नाहून मोठी होती.

उलगडा बँकेत झाला. उरलेल्या रकमेच्या कर्जासाठी पत्र घेऊन गेलो तेव्हा कर्ज विभागातल्या बाईंनी पत्र उलटसुलट करून विचारलं, "प्रथम सूचना पत्र कुठे आहे?" मला तो शब्दच नवा होता. त्यांनी कामं बाजूला ठेवून तेव्हाची पद्धत समजावली. आधी नंबर लागल्याचं कळवणारं प्रथम सूचना पत्र येतं, मग पात्रता ठरते, मग तात्पुरतं देकार पत्र, त्यात रक्कम भरायची मुदत आणि म्हाडाच्या नावाचं खातं. सगळी रक्कम भरून झाली की ताबा. मधली पायरी गाळून कुणी थेट देकार पत्रावर येत नाही. "दादा, म्हाडात जाऊन हा क्रमांक दाखवा. आजच जा." गेलो. या वेळी एकटा, खिडकीवर, रांगेत उभं राहून. तो क्रमांक त्यांच्या नोंदीत नव्हता.

त्याला फोन केला तर आवाज तसाच मऊ. "दादा, तक्रार कराल तर तुम्हीही अडकाल. मागच्या दाराने घर घेत होतात ना?" या एका वाक्याने मी पाच महिने गप्प बसलो, आणि त्या पाच महिन्यांत त्याने खोली सोडली, नंबर बदलला. शेवटी बायकोच माझा हात धरून पोलीस ठाण्यात घेऊन गेली. फसवणूक आणि बनावट दस्तऐवज, कलम 420, 467, 468, 471 अशी नोंद झाली. माझ्यासारखे आणखी तिघे निघाले. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा काहीच नाही; पुराव्याला उभं राहिलं ते फक्त खात्यावर पाठवलेलं. त्यातले एक लाख दहा हजार आजवर मिळालेत. तारखा चालू आहेत.

ज्यांच्याकडे असा कागद असेल त्यांना कळकळीने सांगतो: तुमच्या अर्जाची स्थिती तुमच्याच नोंदणी खात्यात दिसते, तिथे नसेल ते खरं नाही. आमदार कोटा, पत्रकार कोटा, माजी सैनिक हे सगळे गट खरे आहेत, पण त्यांतलं घरही सोडतीतूनच जातं, आणि त्या गटाचा दाखला लागतो. सोडतीत मिळालेलं घर पाच वर्षं विकता येत नाही, म्हणून "विजेत्याकडून स्वस्तात घेऊन देतो" म्हणणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा. 2024 च्या सोडतीच्या वेळी तर म्हाडासारखं हुबेहूब संकेतस्थळ काढून लोकांचे पैसे उकळले गेले. पत्त्याच्या शेवटी सरकारी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते आधी बघा. आणि कागद खोटा निघाला तर माझ्यासारखे पाच महिने घालवू नका. म्हाडाला स्वतःचा दक्षता विभाग आहे, तिथे पत्र दाखवा, त्याच दिवशी पोलिसांकडे जा. तुम्ही मोहात पडलात याचा गुन्हेगाराने धाक घालायचा असतो, तो तुम्ही मनावर घेऊ नका. जाहिरातीत दर वेळी छापलेलं असतं, म्हाडाने कोणताही एजंट नेमलेला नाही. ती ओळ मी तिन्ही अर्जांच्या वेळी वाचली होती.

मावशींना घेऊन मी पोलिसांकडे जाऊन आलो. दोन्ही पत्रांच्या प्रती आता एकाच फाइलीत आहेत.

2023 ला 4,082 घरांची सोडत लागली तेव्हा अल्प उत्पन्न गटात पुन्हा अर्ज केला, पन्नास हजार अनामत भरून. नंबर लागला नाही. कुणाला भेटावं लागलं नाही, कुणाला फोन करावा लागला नाही. पन्नास हजार जसेच्या तसे खात्यात परत आले. बायकोने ते पाटल्या सोडवायला भरले. गोठ अजून बँकेतच आहेत.