स्पेन की पोर्तुगाल? आईबाबांना घेऊन जायचं असेल तर

दहा दिवसांची रजा, आईबाबा सोबत, आणि मन स्पेन-पोर्तुगालमध्ये अडकलेलं. मी दोन्हीकडे जाऊन आलो, आधी स्पेन आणि मग पोर्तुगाल, दोन्ही वेळा मे महिन्यात आणि दोन्ही वेळा त्यांना घेऊनच. व्हिसा तोच, चलन तेच, म्हणून सरळ फरकांकडे वळतो.

नकाशावर शेजारी दिसले तरी दोघांचा पिंड वेगळा आहे. स्पेन महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा आणि मधोमध सगळं पठार. माद्रिदच समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर. पोर्तुगाल महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान आणि तोंड अटलांटिककडे. तेजो आणि दोरू या नद्या स्पेनच्या पठारावरून येतात, एक लिस्बनला समुद्राला मिळते, दुसरी पोर्तोला. आपल्या भाषेत सांगायचं तर स्पेन म्हणजे घाटावरचा देश आणि पोर्तुगाल म्हणजे कोकण. दोघांमधली सीमा 1297च्या तहापासून जवळजवळ जागची हललेली नाही. 1580 ते 1640 ही साठ वर्षं दोन्हीकडे एकच राजा होता, तरी पोर्तुगीज माणूस पोर्तुगीजच राहिला.

स्पेनच्या बाजूने बोलायचं तर पाहण्यासारखं तिथे अधिक आहे, यात वाद नाही. कोर्दोबाच्या मशिदीतले आठशेहून अधिक खांब, त्यांवरच्या लाल-पांढऱ्या कमानी, आणि मधेच सोळाव्या शतकात उभं केलेलं चर्च. आई तिथे तासभर एका जागी उभी होती. ग्रानादाच्या अल्हांब्रा राजवाड्याला तोड देईल असं पोर्तुगालमध्ये मला काही दिसलं नाही. माद्रिद ते सेव्हिल वेगवान गाडीने अडीच तास. ही सेवा 1992पासून आहे आणि प्रवासाचा शीण अजिबात जाणवत नाही. बार्सिलोनाला गेलात तर पाट्याही कातालान या तिथल्या वेगळ्या भाषेत दिसतील, म्हणजे एका तिकिटात दोन-तीन देश पाहिल्यासारखं होतं.

आता ज्या गोष्टीने माझा कौल फिरला ती सांगतो. बाबांना मधुमेह आहे. संध्याकाळी साडेसातचं जेवण पुढे सरकलं की त्यांचे हात थरथरायला लागतात. सेव्हिलमध्ये पहिल्याच संध्याकाळी तीन ठिकाणी विचारलं. दार उघडं, खुर्च्या मांडलेल्या, पण स्वयंपाकघर बंद. "साडेआठनंतर या." शेवटी पाव आणि केळी घेऊन खोलीवर आलो. पुढचे चार दिवस मी पिशवीत काहीतरी खायला ठेवूनच बाहेर पडायचो आणि दुपारी चारनंतर माझं लक्ष इमारतींपेक्षा घड्याळाकडे जास्त असायचं. वाईट याचं वाटतं की तिथलं जेवण आपल्याला रुचणारं होतं. सेव्हिलला पालक आणि छोल्यांची एक भाजी करतात, जिरं घालून. बाबांना ती फार आवडली. पण ती ताटात पडली पावणेनऊला.

यात त्या लोकांचा दोष नाही, हे मला नंतर कळलं. स्पेनचा बहुतेक भाग ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे, पण 1940मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने घड्याळं एक तास पुढे केली आणि ती तशीच राहिली. मे महिन्यात सेव्हिलला सूर्य माथ्यावर येतो तो सव्वादोनच्या सुमारास. म्हणजे दोनचं दुपारचं जेवण सूर्याच्या हिशेबाने बाराचंच. पोर्तुगालनेही 1992मध्ये हीच वेळ घेऊन पाहिली आणि 1996मध्ये सोडून दिली. त्यामुळे लिस्बनमध्ये आम्हाला सात-साडेसातला गरम भाजीचं सूप मिळायचं. रोज. (काल्दु व्हेर्द नावाच्या सूपमध्ये सॉसेजचे काप असतात, तेवढं आधी विचारा.) बाबा तिथे निर्धास्त होते, म्हणून मीही.

दुसरी गोष्ट भाषेची. स्पॅनिश जशी लिहितात तशी वाचता येते. पोर्तुगीज लोक अर्धे स्वर गिळतात, कानाला अवघड जाते. पण स्पेनमध्ये परदेशी सिनेमे डब करून दाखवतात आणि पोर्तुगालमध्ये मूळ आवाजात, खाली अक्षरं देऊन. कदाचित त्यामुळेच असेल, लिस्बनच्या औषधाच्या दुकानातली मुलगी बाबांशी सहज इंग्रजीत बोलली. आणि आईला बाजारात जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. बटाट्याला बताता, अननसाला अनानास, काजूला काजू, पपईला पपाया. खोलीची किल्ली म्हणजे शाव्ह, आपली चावी. हे शब्द गोव्याच्या वाटेने आपल्या घरात आले आणि इतके रुळले की परके वाटत नाहीत.

पोर्तुगालच्या उण्या बाजूही सांगायला हव्यात. लिस्बन सगळं चढउताराचं, आणि पदपथांवरचे छोटे गुळगुळीत दगड पावसात निसरडे होतात; आईच्या गुडघ्यांना त्रास झाला. न मागता टेबलावर येणारे पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात, नको असतील तर परत पाठवायचे. समुद्र फक्त पाहायचा, पाण्यात उतरलात तर हुडहुडी भरेल.

तुम्ही तिशीत असाल, रात्री दहाला जेवायला हरकत नसेल, तर स्पेन कदाचित तुम्हाला जास्त देईल. बरोबर वडीलधारी असतील तर मी लिस्बन, सिंत्रा, एव्होरा आणि पोर्तो एवढंच ठेवेन, सावकाश.

दोन्हीची थोडी चव हवी असेल तर दक्षिणेला ग्वादियाना नदी आहे. पोर्तुगालच्या सहलीत आम्ही तिथून होडीने पलीकडच्या आयामोंते या स्पॅनिश गावात एक दुपार जाऊन आलो. परतताना स्पेनमध्ये साडेसहा वाजले होते, पोर्तुगालमध्ये साडेपाच. बाबांनी मनगटावरचं घड्याळ एक तास मागे केलं. जेवणाला अजून दोन तास होते, म्हणून आम्ही तिघं काठावरच्या बाकावर बसून राहिलो.