घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह फोनो प्रीअँपला डीसी हीटर बोर्ड: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा वापर

तबकड्या ऐकण्यासाठी मी स्वतः बांधलेला व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारे यंत्र, ठाण्यात पाचपाखाडीच्या घरी काही वर्षांपासून चालू आहे. डाव्या-उजव्या चॅनलला सिग्नल वाढवणारा एकेक ईसीसी८३ व्हॉल्व्ह आणि दोघांत मिळून कॅथोड फॉलोअर (सिग्नल पुढे पोचवणारा शेवटचा टप्पा) म्हणून एक ईसीसी८२, अशी त्याची साधी रचना आहे. गेल्या दिवाळीनंतर मी त्याला हीटरसाठी, म्हणजे व्हॉल्व्हचा कॅथोड तापवणाऱ्या तारेसाठी, तयार मिळणारा डीसी रेग्युलेटर बोर्ड बसवला; तो एसीचे स्थिर डीसी करून देतो. आज तो बोर्ड उत्तम चालतो आहे आणि मी तो काढणार नाही. परंतु सोबतच्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे तो ट्रान्सफॉर्मरच्या जुन्याच ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगवर जोडला, तर संध्याकाळी दगा देतो. त्यामागचे कारण शोधायला बराच वेळ गेला, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

फोनो प्रीअँपमध्ये हीटरचा प्रश्न लाइन प्रीअँपपेक्षा कितीतरी नाजूक असतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (तबकडीवर सुई धरणाऱ्या भागातून) येणारा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्टच्या आसपास असतो, आणि तबकडी कापताना दाबलेला खर्ज परत उचलण्यासाठी आरआयएए या ठरलेल्या मानकाप्रमाणे भरपाई करावी लागते. त्यामुळे १००० हर्ट्झला शंभरपट वाढवणारे यंत्र १०० हर्ट्झला सुमारे साडेचारशेपट आणि ५० हर्ट्झला जवळपास सातशेपट वाढवते. म्हणजे हीटरच्या एसीतून जे काही कॅथोडपर्यंत झिरपते, त्याला हे यंत्र अगदी मानाने पुढे पाठवते. विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला नुसते तानपुरे वाजत असतात, तेव्हा त्यांच्या षड्जाखाली हा दुसरा सूर कायम लागलेला असायचा, आणि एकदा तो कानात बसला की जवारीकडे लक्षच जात नसे.

बोर्ड बसवल्यावर ही ५० हर्ट्झची गुणगुण खरोखर नाहीशी झाली. दिवसा तर स्पीकरला कान लावूनही व्हॉल्व्हच्या स्वाभाविक सरसरीशिवाय काही ऐकू येत नव्हते. संध्याकाळी मात्र, सोसायटीतले दिवे आणि एअर कंडिशनर सुरू झाले की, दोन्ही चॅनलमध्ये एक खरखरीत भणभण येऊ लागली आणि रात्री अकराच्या पुढे ती आपोआप विरून जाई. ही भणभण १०० हर्ट्झची होती. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचे पूर्ण-लहर रेक्टिफिकेशन (एसीचे डीसी करणे) झाल्यावर उरणारी लहर नेमकी १०० हर्ट्झची असते, त्यामुळे दोष रेक्टिफायरनंतरच्या कुठल्या तरी पुरवठ्यात आहे एवढे तरी निश्चित झाले. इनपुटला शॉर्टिंग प्लग लावूनही, म्हणजे बाहेरून कुठलाही सिग्नल येऊ न देताही, आवाज तसाच राहिला, तेव्हा टर्नटेबल, केबल आणि त्यांचे अर्थिंग हे सगळे संशयातून बाहेर पडले.

अनेक जाणकारांनी व्हॉल्व्ह बदलायचा सल्ला दिला. मला तो पटला नाही, कारण तीन व्हॉल्व्ह एकाच दिवशी, तेही फक्त संध्याकाळपुरते, बिघडत नाहीत. खरा धागा एका साध्या चाचणीत सापडला. भणभण चालू असताना यंत्र बंद करून डाव्या चॅनलचा ईसीसी८३ काढला आणि पुन्हा सुरू केले, तर उजव्या चॅनलची भणभणही जवळजवळ गेली. डाव्या व्हॉल्व्हचा उजव्या चॅनलच्या सिग्नलशी काहीही संबंध नाही. दोघांत सामाईक आहे तो पुरवठा. एक व्हॉल्व्ह काढल्याने हीटरचा भार ०.९ अँपिअरवरून ०.६ वर आला होता, आणि तेवढ्याने रेग्युलेटरला श्वास घ्यायला जागा मिळाली होती.

त्यावर शिक्कामोर्तब करण्यासाठी हीटरची जोडणी तात्पुरती १२.६ व्होल्टची केली, म्हणजे पिन ४ व ५ वेगळ्या करून ९ मोकळी ठेवली, आणि संगणकाच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी जोडली. भर संध्याकाळी यंत्र संपूर्ण शांत झाले. ज्यांना हीटरचा संशय आहे त्यांनी दुसरे काहीही बदलण्याआधी ही चाचणी करावी. अशा प्रत्येक कामाआधी २६० व्होल्टच्या मुख्य पुरवठ्याचे कॅपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून मीटरने खात्री करून घेणे मात्र अत्यावश्यक आहे.

पुढचा हिशेब सरळ आहे. ६.३ व्होल्ट एसीचे शिखर ८.९ व्होल्ट होते. बोर्डावरच्या शॉट्की डायोडच्या जोडीत ०.९ व्होल्ट जातात, आणि १०,००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असूनही ०.९ अँपिअरच्या भाराला लहर सुमारे ०.७ व्होल्ट उरते. म्हणजे लहरीच्या तळाशी ७.३ व्होल्टच्या आसपास राहतात, आणि एलटी१०८५ सारख्या कमी ड्रॉपआउटच्या (इनपुट-आउटपुटमध्ये कमी फरक चालणाऱ्या) रेग्युलेटरलाही ६.३ देण्यासाठी वर एक व्होल्टहून थोडे अधिक लागतात. घरचे व्होल्टेज २३० असेल आणि वाइंडिंगवर पूर्ण भार नसल्यामुळे ते थोडे जास्त देत असेल, तर हे कसेबसे निभते. संध्याकाळी सगळ्यांच्या वापराने व्होल्टेज २१० वर आले की प्रत्येक लहरीचा तळ रेग्युलेटरला खाली ओढतो आणि तोच खड्डा हीटरपर्यंत पोचतो. मीटर डीसीवर लावला तर तो सरासरी दाखवतो, म्हणून ६.३ ऐवजी ६.२ वाचून समाधान होते. मीटर एसी रेंजवर ठेवल्यावर जिथे दोन-चार मिलिव्होल्ट हवेत तिथे शेकड्यांत आकडा दिसला, तेव्हा हा खड्डा पकडीत आला.

वागळे इस्टेटमध्ये ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करणाऱ्या एका काकांकडे डिमरस्टॅटवर (व्होल्टेज हवे तसे कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) हे दिवसाउजेडी करून पाहिले. २३० ला शांत, २०५ ला भणभण, पुन्हा २३० ला शांत. बोर्डासाठी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा घ्यायचा, तो आकडा त्यांनीच सुचवला: ‘साहेब, पंधरा नको, उगाच तापेल. साडेतेरा घ्या.’ हिशेब करून पाहिला तर तो चोख निघाला. १३.५ व्होल्टच्या स्वतंत्र ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज दहा टक्के उतरले तरी रेग्युलेटरवर तीन व्होल्ट उरतात, तिन्ही व्हॉल्व्ह १२.६ वर मिळून ०.४५ अँपिअर घेतात, आणि रेग्युलेटरमध्ये उष्णता सव्वादोन ते अडीच वॅटच होते.

हा बदल करताना बोर्डावर तीन गोष्टी कराव्या लागल्या. मूळ कॅपॅसिटर १६ व्होल्टचे होते, ते २५ व्होल्टचे आणि १०५ अंशांचे घातले. रेग्युलेटरचा रेझिस्टर बदलून १२० ओहमच्या जोडीला १.१ किलोओहम केला, त्यातून १२.७ व्होल्ट मिळतात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: या रेग्युलेटरची धातूची पट्टी आतून आउटपुटला जोडलेली असते, त्यामुळे अभ्रकाची चकती आणि प्लॅस्टिकचे बुश न घालता ती चॅसिसला आवळली तर हीटरचा पुरवठा सरळ चॅसिसला लागतो.

पत्रकात आणखी एक उणीव होती. बोर्डाचे आउटपुट कशालाच न बांधता अधांतरी सोडायला सांगितले होते. माझ्या फॉलोअरचा कॅथोड सुमारे ११० व्होल्टवर बसतो, म्हणून हीटर आणि कॅथोडमधला फरक कमी करण्यासाठी मुख्य पुरवठ्यावरून २२० किलोओहम आणि ४७ किलोओहमचा विभाजक करून हीटरची ऋण बाजू सुमारे ४६ व्होल्टवर उचलली, आणि ४७ किलोओहमला समांतर २२ मायक्रोफॅरड लावला. त्यानंतर उरलीसुरली कुजबुजही गेली. एवढे काम विक्रेत्याने बोर्डावरच करून द्यायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

मे महिन्याच्या उकाड्यात तासन्‌तास यंत्र चालवले, तेव्हा हीटसिंक गरम झाला तरी त्यावर बोट ठेवता येत होते. पावसाळ्यात खाडीकडून येणाऱ्या दमट हवेने व्हॉल्व्हच्या पिनांवर काळपटपणा चढला आणि उजवीकडे अधूनमधून कडकड येऊ लागली; पिना आणि सॉकेट कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसल्यावर ती थांबली, बोर्डाचा त्यात दोष नव्हता. सुरू केल्यावर व्हॉल्व्ह तापायला आता पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, कारण थंड हीटरकडे जाणारा सुरुवातीचा विजेचा झोत रेग्युलेटर आवरून धरतो. पूर्वी सुरू करताना एका ईसीसी८३ चा तळ क्षणभर पांढरा चमकायचा, तो आता चमकत नाही.