अ‍ॅबा: 'डान्सिंग क्वीन' की 'द विनर टेक्स इट ऑल'?

गॅदरिंगला अ‍ॅबा या स्वीडिश पॉप गटाचं एकच गाणं म्हणायचंय आणि भाची दोन्हींत अडकलीय. 'मामा, तुमचं आवडतं सांगा, तेच घेते!' आवडणं वेगळं, कोल्हापुरात पोरांच्या शिट्ट्यांसमोर निभणं वेगळं. 'सर्वश्रेष्ठ गाणी' छापाच्या याद्या ठेवू बाजूला.

पकड घेण्यात 'डान्सिंग क्वीन' (१९७६) पुढे. पियानोवर बोटांची एक घसरण, की थेट धृपदाच्या मध्यातच उडी. इंग्रजी न कळणाराही मान डोलावतो. 'विनर' (१९८०) सावकाश उघडतं, तेवढ्यात मागची बाकं बोलायला लागतात.

गायला मात्र हिशेब उलटा. 'क्वीन' आग्नेथा आणि फ्रिडा या गटातल्या दोघी गायिकांच्या मिळून आलेल्या आवाजावर उभं आहे. एकटीनं म्हटलं की पातळ लागतं. 'विनर' आग्नेथाचं एकटीचं. एकच उतरती सुरावट जवळजवळ पाच मिनिटं फिरते, बदलतो तो फक्त आवाजातला ताण, आणि तोच अवघड. शब्द लिहिले गटातल्याच ब्यॉर्ननं, म्हणजे आग्नेथाच्या नवऱ्यानं, दोघांचा संसार मोडल्यावर. गायला दिले तिलाच! हे गाणं आपल्या आयुष्याची जशीच्या तशी नोंद नाही, असं तो सांगत आलाय. ऐकताना पटत नाही, ते सोडा.

पुन्हापुन्हा ऐकायला? रंकाळ्यावर सकाळी चालताना 'क्वीन', रात्री एकट्यानं 'विनर'.

तेव्हा बाई, मैत्रीण सोबत असेल आणि सभागृह हलवायचं असेल तर 'क्वीन'. एकटीच उभी राहणार असशील, रियाजाला महिनाभर असेल, तर 'विनर'. माझं आवडतं दुसरं, पण गॅदरिंगला मी पहिलंच घेतलं असतं.