शिवाजीनगर कोर्टासमोरचं मुद्रांकाचं दुकान: कागद देण्याआधी चौकशी करणारे काका

करारासाठी स्टँप आणायला या दुकानात पहिल्यांदा मी पुतण्याला पाठवलं होतं, मार्च २०२४ मध्ये. तो रिकाम्या हाताने परत आला. दुकानाच्या काकांनी त्याला विचारलं, "करार कोणाकोणात आहे?" तो म्हणाला, काकू आणि कंपनी. "मग कागद तुझ्या नावाने कशाला? काकूंना पाठव." एवढं बोलून त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. पोरगा चिडला होता. मला मात्र त्याच क्षणी वाटलं, हा माणूस मला तीन वर्षं आधी भेटायला हवा होता.

चाकणला आमच्या तीन आयशर आणि एक पिकअप आहे. कारखान्यांचा माल वाहायचे करार वर्षाला चार-पाच होतात. ऑगस्ट २०२१ मध्ये एका कंपनीला दोन गाड्या वर्षभरासाठी लावल्या, महिना दीड लाख, म्हणजे वर्षाचे अठरा लाख. करार केला शंभरच्या स्टँपवर. सगळे तसाच करतात, म्हणून आम्हीही केला. शेवटी लिहिलं होतं की वाद झाला तर लवादाकडे, म्हणजे कोर्टाऐवजी निवाडा करणाऱ्या पंचाकडे जायचं. पुढे कंपनीने चार लाख बारा हजार अडकवले. लवाद नेमून घ्यायला आम्ही उच्च न्यायालयात अर्ज केला, तर समोरच्या वकिलांनी पैशांबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांचं म्हणणं एकच, करारावर मुद्रांक कमी आहे, मग त्यातलं लवादाचं कलम चालायचं कसं?

तेव्हा त्यांची बाजू भक्कम होती. २५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एन. एन. ग्लोबलच्या खटल्यात तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला होता की मुद्रांक न भरलेल्या करारातलं लवादाचं कलम कायद्याने अंमलात येत नाही. आमचे वकील म्हणाले, आधी मुद्रांकाची तूट आणि दंड भरायचा, मग लवादाचं बोलायचं. दोन ड्रायव्हरांचे पगार मी त्या महिन्यांत माझ्या भिशीतून दिले आहेत, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकी नाही.

मग १३ डिसेंबर २०२३ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने, सरन्यायाधीश चंद्रचूड त्याचे प्रमुख होते, एकमताने तो निकाल फिरवला. वकिलांनी मला समजावलं ते असं: मुद्रांक नसलेला कागद पुराव्यात घेता येत नाही, पण म्हणून तो रद्द ठरत नाही. पैसे भरले की दोष दूर होतो. आणि मुद्रांक पुरेसा आहे का, हे लवाद नेमणाऱ्या कोर्टाने बघत बसायचं नाही, नेमलेला लवाद ते बघेल. मला हे फार न्यायाचं वाटलं. सरकारचा कर बुडू नये म्हणून केलेला कायदा पैसे बुडवणाऱ्याच्या हातातलं हत्यार का व्हावा?

लवाद नेमला गेला. तूट मात्र भरावीच लागली. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून आलेला हिशेब मी वहीत उतरवून ठेवला आहे: हजारी दोन रुपयांनी अठरा लाखांवर ३,६००. भरलेले १००. तूट ३,५००. त्यावर महिना दोन टक्के दंड, म्हणजे ७० रुपये, तीस महिन्यांचे २,१००. एकूण ५,६०० रुपये. एवढ्याशा रकमेपायी चार लाख अडून राहिले होते.

आता दुकानाबद्दल. कोर्टाच्या गेटसमोरच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याला लागून. एक लाकडी काउंटर, मागे दोन कॉम्प्युटर. काका कागद द्यायच्या आधी तीन गोष्टी विचारतात: करार कोणाकोणात, कशाचा, आणि त्यात रक्कम लिहिली आहे का. मुद्रांक करारातल्याच एका पक्षाच्या नावाने घेतलेला हवा, ही अट महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या ३४व्या कलमात आहे. ऑफिसातल्या पोराच्या नावावर कागद घेणारे रोज दहा तरी येतात, असं काका सांगतात, आणि ते सगळ्यांना परत पाठवतात.

माझा नवा करार चोवीस लाखांचा होता. त्यांनी तो वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ताई, हा माझ्याकडच्या कागदावर भागणारा नाही. बँकेत फ्रँकिंग, म्हणजे मशीनने स्टँपचा छाप, करून घ्या, आणि सह्या त्यानंतर. सही झालेल्या कागदावर बँक फ्रँकिंग करत नाही." त्या दिवशी त्यांना माझ्याकडून स्टँपचा एक पैसाही मिळाला नाही. दुसऱ्या एका खेपेला माझ्या पर्समधला जुना कोरा स्टँप बघून त्यांनी त्याच्या पाठीवरची खरेदीची तारीख वाचली. सहा महिने उलटून गेले होते, म्हणजे तो बाद. मी तो वापरणार होते.

टायपिंगला मात्र मी पूर्ण गुण देणार नाही. त्यांच्या कॉम्प्युटरमधल्या तयार मसुद्यात अजून "लवाद कायदा १९४०" लिहिलेलं होतं. तो कायदा जाऊन १९९६ चा आला त्याला किती वर्षं झाली! शिवाय वाक्य होतं, "वाद झाल्यास लवादाकडे जाता येईल". हे "येईल" घातक आहे, कारण मग लवादाकडे जाणं ऐच्छिक ठरू शकतं. मी तिथेच उभी राहून "लवादाकडेच सोपवला जाईल" असं करून घेतलं, लवादाचं ठिकाण पुणे असं घातलं. टाइप करणाऱ्या मुलीने कुरकुर न करता पान पुन्हा काढून दिलं आणि पैसे एकाच पानाचे घेतले. पण ज्याला हे माहीत नाही तो तसाच कागद घेऊन जाईल. मसुदा वकिलाकडून करून आणा, इथून फक्त स्टँप आणि टायपिंग घ्या.

अकरा ते एक गर्दी असते, उभं राहायलाही जागा नसते. दुपारी तीननंतर जा. नोंदवहीत सही लागते, म्हणून स्वतः जा, आणि समोरच्या पक्षाचं पूर्ण नाव चिठ्ठीवर लिहून न्या. ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच कागदांचा शंभरचा स्टँप पाचशेचा झाला आहे, तेवढे पैसे सुटे ठेवा. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या १९४० साठी कापला.